न ढवळलेला तारा

"हे एवढं वाक्य काढ, मग माझं नाव खुशाल ठेव," हेस्टर म्हणाली आणि तिने सामाईक लेखाच्या मसुद्याचा गठ्ठा ऑकर्टच्या टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे जवळजवळ आपटलाच.

ऑकर्ट फिसाखी हा वेधशाळेचा प्रमुख. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. काच आधीही स्वच्छच होती.

"कुठलं वाक्य?"

"नाटक नको करू. तुला माहीत आहे कुठलं. 'ताऱ्याच्या थरांचा मूळ क्रम अवशेषात बहुतांशी टिकून आहे.' कुठे टिकलाय? बोट ठेवून दाखव मला."

"बहुतांशी म्हटलंय ना, बाई."

"ईशान्येची अख्खी बाजू उलटी झालीय, ऑकर्ट! घराची एक भिंत पडली तर घर बहुतांशी उभं आहे म्हणशील?"

खिडकीबाहेर फेब्रुवारीचे ऊन टेकडीवर पडले होते. घुमट पांढरेशुभ्र, बाकी सगळे तपकिरी. खाली ब्लाउकॉप गावातले पत्रे चमकत होते. दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या त्या उजाड माळावर माणसे कमी, मेंढ्या जास्त आणि आभाळ सगळ्यांहून जास्त. त्या आभाळाच्या दक्षिण अंगाला एक धुरकट ठिपका आहे, मोठा मॅजेलन मेघ. ती आपल्या शेजारची दीर्घिका. तिच्यात काही हजार वर्षांपूर्वी एक अवाढव्य तारा फुटला होता आणि त्याच्या चिंध्या अजून बाहेर बाहेर धावत होत्या. उत्तरेकडच्या देशांतून तो मेघ दिसतच नाही, म्हणून तिकडच्या विद्वानांना या टेकडीवर यावे लागे.

हेस्टर यानुआरीने आयुष्याची बारा वर्षे त्या चिंध्यांत घालवली होती. चिंध्या म्हणजे वायूच्या गाठी. एकेका गाठीचा प्रकाश बारीक फटीतून आत घ्यायचा, त्याचे रंग फाकवायचे आणि त्यात चमकणाऱ्या रेषा शोधायच्या. प्रत्येक मूलद्रव्याची रेषा आपापल्या जागी उमटते. ऑक्सिजनची जागा ठरलेली, गंधकाची ठरलेली, कॅल्शियमची ठरलेली. रेष किती ठळक आहे, त्यावरून ते द्रव्य किती होते याचा हिशेब मांडायचा. तारा गेला, पण तो कशाचा बनला होता हे त्याच्या राखेला विचारता येते.

असा मोठा तारा मरायच्या आधी थराथरांचा असतो. सगळ्यांत बाहेर हायड्रोजन, मग हेलियम, मग ऑक्सिजन, त्याच्या आत गंधक आणि कॅल्शियम, आणि पार पोटात लोखंड. स्फोट होताना थर आहे त्याच क्रमाने बाहेर फेकले जातात, असे जर्मनीहून आलेल्या यूर्गनच्या गटाचे गणित सांगत होते. त्या हिशेबाने ऑक्सिजन पुढे पळायला हवा आणि गंधक मागे राहायला हवे. हेस्टरच्या नऊ गाठींत उलटे होते. गंधक आणि कॅल्शियम सगळ्यांच्या पुढे, ऑक्सिजन त्यांच्या मागे. ताऱ्याने त्या बाजूला आतले बाहेर काढले होते.

यूर्गनच्या गटाने काय केले, तर सगळ्या गाठींचा प्रकाश एकत्र मिळवला. एकेक गाठ अंधुक, तिच्या आलेखात खरखर फार. सगळ्या मिळवल्या की आलेख कसा लोण्यासारखा येतो. त्यातून ताऱ्यात ऑक्सिजन किती, निऑन किती, गंधक किती, हे नीट निघाले. तो आकडा खोटा नव्हता. हेस्टरलाही तो मान्य होता. पण कोण पुढे आणि कोण मागे, हे त्या बेरजेत बुडून गेले आणि वर ते एक वाक्य येऊन बसले.

"हे बघ," ऑकर्ट आवाज खाली आणून म्हणाला, "मार्चअखेर तुझ्या नेमणुकीची मुदत संपतेय. मी वर सांगून ठेवलंय की हेस्टर या कामात आहे, तिला अजून दोन वर्षं द्या. तुझं नावच लेखावर नसेल तर मी कुठल्या तोंडाने मागू? दोन वर्षं मिळाली तर तुला दुर्बिणीवर वेळ मिळेल. तुझ्या नऊच्या अठरा गाठी होतील. मग लिही की स्वतंत्रपणे, काय लिहायचं ते!"

"म्हणजे आज होय म्हणायचं आणि दोन वर्षांनी मीच मला खोटं पाडायचं?"

"शास्त्रात असं चालतंच."

"चुकलेलं माणूस असं करतं, ऑकर्ट. मला आजच माहीत आहे." ती उठली. "रविवारी जेवायला ये. आईला चर्चमधून घेऊन ये येताना."

"वाक्याचं काय?"

"तू विचार कर. माझा झालाय."

*

हेस्टरची आई लेना चौऱ्याऐंशी वर्षांची होती. दात चार उरले होते, पण जिभेला त्यांची गरज पडत नव्हती. टेकडीवरच्या विश्रामगृहात तिने उभा जन्म स्वयंपाक केला. भिंतीत एक खिडकी होती, तिच्यातून ताटे पलीकडे सरकवायची. पलीकडच्या टेबलाशी तिला कधी कोणी बस म्हटले नाही. तो काळच तसा होता, असे आता लोक म्हणतात. लेना तसे म्हणत नाही. ती म्हणते, "काळाला हात नव्हते. खिडकी माणसं लावत होती."

ती अक्षरे शिकली साठीनंतर, चर्चच्या मागच्या खोलीत, लहान मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन. हेस्टरलाही सगळे उशिराच मिळाले. आधी गावच्या शाळेत मास्तरीण, मग टपालाने पदवी, मग टेकडीवर नोकरी, आणि डॉक्टरेट झाली तेव्हा केसांत पांढरे आले होते. तिच्या नावावर मोठा शोध नव्हता. लोकांच्या लेखांत ती चौथी, सातवी, कधी शेवटच्या आभारांत. ती तक्रार करत नसे. नऊ गाठी मात्र तिच्या होत्या.

शनिवारी संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या. हेस्टरने सगळे सांगितले.

"दोन वर्षं देतायत तर घे की," लेना म्हणाली. "एक वाक्य. पाद्री दर रविवारी किती वाक्यं बोलतो! मी सगळ्यांना आमेन म्हणतेच ना?"

"मनापासून म्हणतेस?"

"ओठ हलवते."

हेस्टर हसली. मग हसू विरले. "ओठ हलवून नाही चालत गं यात. पुढची पोरं ते वाक्य वाचतील आणि त्यावर भिंत बांधतील. कुणी त्या बाजूला पुन्हा बघणारही नाही. म्हणतील, झालंय ते काम."

"तीस वर्षं मेंढीच्या माना शिजवून तुला शिकवली, आणि तू मेलेल्या ताऱ्यांची आतडी मोजत बसलीस." लेनाने एक शेंग डोळ्यांजवळ धरून बघितली आणि कुजकी म्हणून फेकली. "खरं आहे का तुझं?"

"खरं आहे."

"चूक असली तर?"

"सगळीकडून तपासलंय, मा. चूक असती तर मलाच आधी आवडली असती. सुटले असते."

"मग मला कशाला विचारतेस? मी नको म्हटलं असतं तरी तू तेच केलं असतंस. लग्न केलंस तेव्हाही तेच, मोडलंस तेव्हाही तेच." तिने पुढची शेंग उचलली. "उद्या कसलं मांस आहे?"

"मानेचं."

"तळाला नीट लाव. पाहुणे आहेत."

हेस्टर उठली. शेंगांचे भांडे उचलून तिने ओट्यावर ठेवले.

*

पाहुण्या शास्त्रज्ञांची दरवर्षीची बैठक संपली की शेवटच्या रविवारी विश्रामगृहाच्या अंगणात हेस्टरची पोइकी व्हायची. पोइकी म्हणजे तीन पायांचे बिडाचे काळे भांडे आणि त्यात शिजणारे जेवणही. हे भांडे लेनाच्या आईचे. निखाऱ्यांवर ठेवायचे, तळाला तेल, कांदा आणि मांस, मग गाजर, मग बटाटे, मग भोपळा, सगळ्यांत वर शेंगा. झाकण घालायचे आणि तास न् तास गप्पा मारत बसायचे. ढवळायचे मात्र नाही. प्रत्येक थर आपल्या जागी, आपल्या वाफेत शिजला पाहिजे. जो डाव घालून ढवळेल त्याने जेवणानंतर भांडे घासायचे, असा तिकडचा दंड होता. एवढ्या वर्षांत तो कुणालाच भरावा लागला नव्हता.

दुपारी ऑकर्टची गाडी आली. त्याने दार उघडून लेनाला हात दिला. "सांभाळून, तान्नी लेना." त्या मुलखात वडीलधाऱ्या बाईला तान्नी म्हणतात, पण गोऱ्या शेतकऱ्याच्या पोराने स्वयंपाकिणीला तसे म्हणायची रीत नव्हती. ऑकर्ट टेकडीवर नोकरीला लागला त्या पहिल्या दिवसापासून म्हणत आला होता. हेस्टर ते कधी विसरली नव्हती, म्हणून तर तिला त्याचा राग जास्त येत होता.

लेना टेबलाच्या मुख्य खुर्चीवर बसली. ती खुर्ची आता दर खेपेस तिचीच असे. यूर्गन बिअरची बाटली घेऊन हेस्टरजवळ निखाऱ्यांपाशी आला. उंच, सभ्य, उन्हाने नाक लाल झालेला.

"डॉक्टर यानुआरी, तुमच्या गाठींवर मी पुन्हा विचार केला. त्या ताऱ्याच्या नसतीलच. स्फोटाचा धक्का बाहेरच्या वायूला बसला, तो तापला, त्यातलं गंधक चमकलं. साधं आहे."

"साधं आहे खरं. मग हायड्रोजन कुठे गेला?"

"म्हणजे?"

"बाहेरच्या वायूत सगळ्यांत जास्त तोच असतो. गंधक चमकेल आणि हायड्रोजन लपून बसेल, असं होईल का? या नऊ गाठींत त्याची रेष नाही. एकीतही नाही. ज्या वायूत हायड्रोजनच नाही, तो ताऱ्याच्या पोटातूनच आला. दुसरीकडून कुठून येणार?"

यूर्गनने बाटली या हातातून त्या हातात घेतली. "अंधुक असेल रेष."

"शोधून शोधून डोळे गेले माझे. तुम्ही बघा. सगळे आलेख तुमच्याकडे आहेत."

"पण नऊच आहेत हो."

"खुनाच्या खटल्यात नऊ साक्षीदार पुरतात. इथे का पुरत नाहीत?"

यूर्गन हसला, पण मान डोलावली नाही. "आमच्या गणितात ते बसत नाही," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. दहा वर्षांचे गणित होते, आणि ते सोडायची त्याची तयारी नव्हती, एवढेच.

"झाकण उघडा आता!" टेबलावरून कुणीतरी ओरडले.

पहिला डाव प्रमुखाचा. ऑकर्टने झाकण उचलले. वाफ वर गेली. त्याने डाव अलगद वरच्या थरात घातला, ताटलीत ओतला आणि तसाच थांबला.

ताटलीत मांस होते.

शेंगा नव्हत्या, भोपळा नव्हता. मानेचे मोठे तुकडे, बाहेरून राखाडी, हाडाला घट्ट चिकटलेले. ऑकर्टने वाकून भांड्यात बघितले. वर सगळे मांसच. कडेने डाव जरा खाली सरकवला, तर गाजर. त्याच्याखाली बटाटे. तळातून जळक्या शेंगांचा वास आला.

त्याने हेस्टरकडे पाहिले. ती भाकरी भाजत होती. जाळीवरची भाकरी तिने शांतपणे उलटली.

ताटल्या भरल्या गेल्या. सगळे चावू लागले. चावतच राहिले.

"वेगळी चव आहे," यूर्गन म्हणाला.

"वेगळी नाही, बिघडलीय!" लेनाने तोंडातला तुकडा काढून ताटलीच्या काठावर ठेवला. "पोरी, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? मांस वर? माझ्या आईच्या भांड्यात? मला चार दात आहेत, तेही घालवतेस का?"

"थांबा, सोपं आहे," यूर्गन उठला. बिचाऱ्याला मदत करायची होती. त्याने डाव उचलला. "सगळं एकत्र ढवळू, मांस खाली जाऊन शिजेल, आणि—"

"नको!"

ऑकर्ट एवढ्या जोरात ओरडला की खांबावरचे कबूतर उडाले. त्याने यूर्गनचे मनगट धरले होते. सगळ्यांचे चावणे थांबले. ऑकर्टच्याही ध्यानात आले की आपण काय केले. त्याने हात सोडला.

"का नको, ऑकर्ट?" हेस्टरने भाकरीवरून डोळे वर केले. "ढवळलं तर सगळ्यांना सारखं मिळेल. मांस तेवढंच, बटाटे तेवढेच. बेरीज तीच."

ऑकर्टच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"कशाने ओळखलंस," हेस्टर पुढे म्हणाली, "की मी उलटं रचलं?"

"वर मांस लागलं," तो सावकाश म्हणाला.

"आणि यूर्गनसाहेबांनी आधीच ढवळलं असतं तर?"

"तर म्हटलं असतं, हेस्टरची पोइकी नेहमीसारखीच आहे. फक्त शिजली नाही."

यूर्गन हातातल्या डावाकडे बघत उभा होता. त्याला थोडे कळले, थोडे नाही. त्याने डाव हळूच खाली ठेवला. लेनाला मात्र सगळे कळले. तिने लेकीकडे पाहिले, काठावर ठेवलेला तुकडा पुन्हा तोंडात घातला आणि चावू लागली.

*

जेवण उरकल्यावर ऑकर्ट आणि हेस्टर कुंपणाशी उभे राहिले. वारा सुटला होता.

"मला पटलंय," ऑकर्ट म्हणाला. "आज नाही, आधीच पटलं होतं."

"मग काढ वाक्य."

"नाही काढता येत. ते काढलं तर यूर्गनचा गट लेखातून जाईल. तो गट गेला तर नवं यंत्र येणार नाही. यंत्र आलं नाही तर इथल्या निम्म्या माणसांना मी घरी पाठवीन. तू एकटी आहेस, हेस्टर. माझ्या मागे गाव आहे."

तो खोटे बोलत नव्हता. तिला ते माहीत होते.

"गाव तुझ्या मागे आहे, तर गावाला सांग की खरं," ती म्हणाली. "माझी आई याच गावची. तिला खिडकीतून ताट सरकवायला लावत होते तेव्हाही कुणीतरी असंच म्हणत असेल, की माझ्या मागे सगळी व्यवस्था आहे."

"हे फार झालं, हेस्टर."

"असू दे. तुला पटलंय, तरी तुझं नाव त्या वाक्याखाली राहणार?"

ऑकर्ट माळाकडे बघत राहिला. "राहणार."

"माझं नाही राहणार. आज रात्रीच काढ. आभारांतही नको, आभारांतून मी खूप वेळा जाऊन आले. आणि ऐक, माझ्या नऊ गाठी मी वेगळ्या छापायला देतेय. लहानसा लेख. प्रत्येक गाठ सुटी, तिच्या जागेसकट. खरखर असली तर असू दे. वर एकच नाव."

"एकटीच्या नावाचा लेख चिरडतील ते."

"चिरडू देत. चिरडायला आधी वाचावा लागेल ना?"

"आणि दोन वर्षं?"

"ती तू ठेव," हेस्टर म्हणाली आणि भांडी गोळा करायला गेली.

*

मार्चच्या शेवटच्या रविवारी ऑकर्ट तिच्या गावातल्या घरी आला. तिच्या टेकडीवरच्या खोलीची किल्ली परत न्यायची होती. त्यासाठी शिपाई पाठवला असता तरी चालले असते. तो मोठा लेख त्याच आठवड्यात छापून आला होता. वाक्य जागच्या जागी होते. हेस्टरचे नाव कुठेही नव्हते. तिचा स्वतःचा लेख तिने पाठवला होता, त्याचे उत्तर अजून यायचे होते.

"आलास तर जेवून जा," लेना दारातूनच म्हणाली. "आज मी स्वतः रचलीय. हिच्यावर आता भरवसा नाही माझा."

तिघे मागच्या अंगणात बसले. ऑकर्टने झाकण उघडले. वर शेंगा, खाली भोपळा, मग बटाटे, मग गाजर, आणि तळाला मांस, बोट लावताच हाडावरून सुटणारे. त्याने कडेने थर न मोडता वाढून घेतले. लेखाची गोष्ट कुणी काढली नाही. पावसाची निघाली, लोकरीच्या भावाची निघाली. लेनाने त्याला दुसऱ्यांदा वाढले आणि तो हाडे चोखून जेवला.

जेवण झाल्यावर हेस्टरने किल्ली आणून टेबलावर ठेवली. ऑकर्टने ती खिशात घातली, पण तो निघाला नाही. थोडा वेळ तो त्या रिकाम्या काळ्या भांड्याकडे बघत बसला. मग उठला, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, भांडे दोन्ही हातांनी उचलले आणि अंगणातल्या नळाशी नेऊन उकिडवा बसला.

भांडे जड होते. तळाला थोडे करपले होते, ते तो नखांनी खरवडू लागला.

लेनाने लेकीकडे पाहिले. राहू दे म्हणायला हेस्टरने तोंड उघडले नाही. ती खुर्चीत मागे टेकून बसली, हातातला चहा संथपणे पीत राहिली आणि साठीतल्या त्या माणसाची वाकलेली पाठ बघत राहिली.

ऑकर्टने नळाजवळच्या वडीकडे हात नेला, तशी लेना बसल्या जागेवरून ओरडली, "साबण लावायचा नाही, ऑकर्ट! कोरडं कर आणि तेलाचा हात फिरव. गंज धरतो नाहीतर."

"हो, तान्नी," तो मान वर न करता म्हणाला.